दुसऱ्यांदा वाचलेली यादी

मामांना जाऊन आता दीड महिना होईल. मामीचा फोन आला तेव्हा मी जुळे सोलापुरात रिक्षाची वाट बघत उभी होते. मामा उठत नाहीत, एवढंच ती म्हणाली... मी पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी डॉक्टरांना बोलावलं होतं आणि त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. झोपेतच हृदय बंद पडलं होतं.

मामा केमच्या शाळेत मराठी शिकवायचे. एकदाच वाचलेला धडा त्यांच्या लेखी वाचलेलाच नसायचा. ओळीखाली बोट धरून दोनदा वाचायला लावायचे, आणि सुट्टीला आलेली भाची म्हणून मला काही सूट नसायची. निवृत्तीनंतर ते सोलापुरात आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायला आले आणि माझ्याकडून कॉम्प्युटर शिकायचा हट्ट धरून बसले. त्यांना फारसं काही जमलं नाही, माझं कौतुक करायला मात्र नवं निमित्त मिळालं. चहा निवायच्या आत आमची पोरगी हजार ओळी वाचते, असं भेटेल त्याला सांगायचे. मला लाज वाटायची आणि, खरं सांगायचं तर, आवडायचंही.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी खटपट करून केममध्ये हृदयतपासणीचं शिबिर भरवलं. स्वतःचाही ईसीजी काढून घेतला. निकालांची टेक्स्ट फाइल आली, एका ओळीत एक माणूस आणि शेवटी शेरा. ज्यांच्यापुढे ‘फेरतपासणी’ लिहिलंय त्यांची नावं काढायचं काम मामांनी माझ्यावर सोपवलं. मी पायथनमध्ये दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम खरडला. आधी सगळ्या ओळी वाचून माणसं मोजायची, मग त्याच ओळी पुन्हा वाचून नावं वेगळी करायची. मोजणी बरोबर आली. नावांच्या जागी काहीच आलं नाही. कुणालाच फेरतपासणी नाही, असं मी मामांना फोनवर सांगून टाकलं.

“एक बी न्हाय? वळी परत वाचल्यास का, बाळ?”

“दोनदा वाचल्यात मामा, प्रोग्रॅमनं,” मी जरा तोडूनच म्हणाले. मला ऑफिसला उशीर होत होता.

दिवसकार्य उरकल्यावर, का कोण जाणे, मी तो प्रोग्रॅम उघडला. चूक पहिल्याच नजरेत दिसली. फाइल एकदा शेवटपर्यंत वाचली की पायथन तिथेच थांबून राहतं. परत वाच म्हटलं तर शेवटापासूनच वाचायला लागतं आणि पुढे काही नसतं. तक्रारही करत नाही. आधी त्याला पहिल्या ओळीवर न्यावं लागतं, हे नवशिक्यालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. ती एक ओळ मी घातली आणि चौदा नावं आली. चौथं मामांचं होतं. मी उठून उगाच बाल्कनीत जाऊन आले... परत वाचलं तरी तेच होतं.

उरलेल्या तेरा जणांना तरी गाठावं म्हणून रविवारी गाडीनं केमला गेले. पहिल्याच घरी एका म्हाताऱ्या काकूंपुढे हात जोडून चूक कबूल करायला लागले, तर त्यांना काही उलगडेना.

“मास्तर तवाच येऊन सांगून गेले की. तुमच्याच कम्प्युटरनं नाव काडलं म्हनले. मला गोळी चालू हाय.”

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. तेराही घरी मामा जाऊन आले होते आणि प्रत्येक घरी माझंच कौतुक करून आले होते.

त्याच संध्याकाळी मी मामीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, जिना चढताना ते मधेच थांबायचे, दवाखान्यात चला म्हणून ती मागे लागायची.

“दर बारीला त्यांचं एकच. पोरीनं दोनदा वाचलंय, मला काय बी झालं न्हाय.”

ते दवाखान्यात गेले असते तर माझी चूक मला कळली असती. एवढ्यासाठी त्यांनी अंगावर काढलं असेल का? मला त्यांचा राग येतो, आणि राग येतो याचीही शरम वाटते.

मामीनं त्यांच्या कपाटातून निकालांच्या यादीचा छापील कागद काढून माझ्या हातात दिला. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीच्या दोन-दोन खुणा होत्या. तेरा नावांभोवती गोल होता. मामांच्या नावाभोवतीचा गोल खोडरबरनं पुसलेला होता.