अर्धंच औषध

बर्फाच्या त्या खड्याला मासळीचा वास होता. भर थंडीच्या दुपारी सुरमईबरोबर आलेला तो खडा बायकोने टोपलीतून उचलला, न धुताच मानेवर धरला आणि डोळे मिटून मागीलदारी उभी राहिली. पाणी पाठीवरून ओघळत होतं आणि चेहरा मात्र चुलीसमोर बसल्यासारखा लाल. "माका आतसून आग पेटल्यासारखी वाटता," एवढंच ती म्हणाली. त्या दुपारनंतर मी जे केलं, ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो.

मालवणात माझं औषधांचं दुकान आहे. चतुर्थी जवळ आली की बायका येतात, आवाज खाली करून नुसतं 'ती गोळी' म्हणतात, आणि मी पाळी पुढे ढकलणारी गोळी कागदात गुंडाळून देतो. देवाच्या वेळापत्रकात बाईचं शरीर बसवून देणं हा माझा हंगामी धंदाच म्हणा ना! निसर्गाचं एवढं पुरातन चक्र एका गोळीने थांबताना ज्याने वर्षानुवर्षं पाहिलं, त्याला त्या गोळीमागच्या शास्त्राचा विसर पडावा, यात नवल ते काय?

वेंगुर्ल्याच्या माझ्या थोरल्या वहिनीचं गर्भाशय काढल्यावर तिच्याही अंगाचा असाच दाह व्हायचा. तिच्या डॉक्टरांनी इस्ट्रोजेनची गोळी लिहून दिली आणि ती पुन्हा शांत झोपू लागली. तीच गोळी मी बायकोला दिली. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. बायकांच्या दुखण्यासाठी डॉक्टरांसमोर बसायचा संकोच तिला नव्हता, मला होता. थोड्याच दिवसांत बर्फाची गरज सरली, ती पुन्हा गुणगुणत मासे साफ करू लागली, आणि मी माझ्या हुशारीवर मनोमन प्रसन्न झालो.

मग गौरी आल्या. पाळी थांबून दोन वर्षं उलटली होती, आणि ऐन नैवेद्याच्या सकाळी पुन्हा रक्त दिसलं. रिवाजाप्रमाणे ती मुकाट्याने पडवीत जाऊन बसली. माझी बहीण सणाला आली होती, ती दारातून ओरडली, "गो वैनी, ह्या वयात परत तरणी झालंस मा!" सगळे हसले. मीही हसलो. आता नैवेद्य कोण रांधणार, हे त्या घरात प्रत्येकाने विचारलं. रक्त का आलं, हे कुणीही विचारलं नाही. विटाळ म्हणून ज्याला नाव दिलं, त्याच्याकडे आजार म्हणून पाहायचं आम्हाला सुचलंच नाही. आणि औषधांनी भरलेल्या कपाटांसमोर आयुष्य काढलेल्या मलाही ते सुचू नये?

दिवाळीत पुन्हा तेच झालं, तेव्हा कुडाळला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून पाहिली. "गर्भाशय आहे ना यांचं? मग ही एकटी गोळी कुणी दिली?"

बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझी मीच घेत होते," ती म्हणाली.

असा हादरा मी आयुष्यात दुसरा अनुभवला नाही. गर्भाशय असलेल्या बाईला इस्ट्रोजेन एकटं दिलं तर आतलं अस्तर वाढत जातं, त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. म्हणून सोबत ती वाढ आवरणारं प्रोजेस्टेरॉन हवंच. वहिनीला जे पुरेसं, ते हिला अर्धंच! तपासणीसाठी अस्तराचा तुकडा पाठवला. अहवाल येईपर्यंत रोज समोर ती शांतपणे सोलकढी वाढायची, आणि मला तिच्या हातांकडे बघवत नसे.

कर्करोग नव्हता, अस्तर मात्र वाढलं होतं. उपचार झाले, फेरतपासणी स्वच्छ निघाली. आता हे औषध जन्मात नको, असं मी म्हणालो, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध वाईट नव्हतं हो. न विचारता, अर्धं घेतलं, ते वाईट." मग त्यांनी तिचा रक्तदाब मोजला, स्तनांची तपासणी केली, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या, कुणाला स्तनाचा कर्करोग, हे खोदून विचारलं. पुढचा निर्णय तिच्यावर सोपवला. ती हो म्हणाली. आता त्वचेवर लावायचं इस्ट्रोजेनचं जेल, त्यात गोळीपेक्षा गुठळ्यांचा धोका कमी, आणि सोबत प्रोजेस्टेरॉन. ठरल्या वेळी तपासणी, आणि पुन्हा रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात दवाखाना. हे सगळ्यांनाच चालतं असं नाही, प्रत्येकीचा हिशेब वेगळा, हेही त्यांनी बजावलं.

'ती गोळी' मागणाऱ्यांना मी आता चिठ्ठी विचारतो. त्या रागावतात आणि समोरच्या दुकानात जातात.

परवा सुरमईबरोबर बर्फाचा खडा आला. बायकोने तो उचलला, क्षणभर तळहातावर धरला आणि अंगणात टाकला. माझ्याकडे पाहून ती हसली. तिला काय आठवलं ते मी विचारलं नाही. मी तो वितळेपर्यंत पाहत राहिलो. खाली ओला डाग उरला, मग तोही गेला. माझा तेवढ्याने जाणार नाही. ती गोळी मी दिली होती, एवढं एक वाक्य डॉक्टरीणबाईंसमोर, तिच्या शेजारी बसून बोलायचं देणं मी अजून लागतो.