खुंटीवरची पिशवी

आज तहसील कचेरीत एका बाईने खिडकीच्या गजाला कापडी पिशवी अडकवली आणि शेजारच्या म्हातारीचा अर्ज लिहायला घेतला. माझं काम केव्हाच झालं होतं, तरी मी त्या पिशवीकडे बघत थांबले.

आईचीही अशीच पिशवी होती. आमच्या वस्तीला गावच्या नळावर पाणी भरू देत नसत. त्यासाठी ती वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवायची. अर्ज, बायकांच्या अंगठ्यांसाठी शाईचा पॅड, फडक्यात बांधलेली भाकरी, सगळं त्या पिशवीत. मला त्या नळाचा फार राग यायचा. शाळेतून आले की मी आधी दारामागच्या खुंटीकडे बघायचे. पिशवी खुंटीला असली की आई घरात.

एकदा तिने जाऊ नये म्हणून मी पिशवी पिठाच्या डब्यामागे लपवली. तिला कळलंच. रागावली मात्र नाही. "पिशवी राहू दे तुझ्यापाशी," म्हणाली, "कागद तेवढे दे." कागद पदरात गुंडाळून ती गेली. मी पिशवी पुन्हा खुंटीला लावली आणि दिवसभर तिच्यासमोर बसून राहिले.

त्या नळावर आता सगळेच पाणी भरतात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. पिशवी मी अजून धुतलेली नाही. तळाशी शाईचा निळा डाग तसाच आहे.

कचेरीतून घरी आले, कुलूप काढलं आणि सवयीने आधी खुंटीकडे पाहिलं. पिशवी जागेवर होती. हाक अगदी ओठांवर आली.