पाहुणे कुणाकडं उतरले होते

पिंजऱ्यात उंदीर सापडला की मामा तो लगेच खाली नेत नसत. पिंजरा डोळ्यांसमोर धरून, मान थोडी तिरकी करून आतल्याला विचारत, "काय पाहुणे, कुणाकडं उतरला होता?" मग कान जवळ नेत, ऐकल्यासारखं करत आणि आम्हाला सांगत, "नाव घेत नाय. इमानदार हाय."

माझे दोन्ही पार्टनर हसायचे. मीही हसायचो, पण माझं हसू जरा उशिरा यायचं.

मामा म्हणजे आमच्या बिल्डिंगचे वॉचमन. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतली तीन मजली इमारत, आणि पार्किंगच्या कोपऱ्यात एक खोली. तिथे मामा आणि मावशी राहत. मूळचे चांदवडकडचे. तुम्हीही कधी भाड्याने राहिला असाल तर असं एखादं माणूस तुम्हाला माहीत असेल. नळ गळाला, दिवा गेला, की आपण मालकाला नंतर फोन करतो, आधी त्याला हाक मारतो.

उंदीर पकडायची मामांची एक रीत होती. भाकरीचा तुकडा तेल लावून तव्यावर करपेपर्यंत भाजायचा आणि आकड्याला अडकवायचा. एक उंदीर सापडला की तो मागच्या मोकळ्या प्लॉटवर सोडायचा आणि पिंजरा कढत पाण्याने धुऊन उन्हात ठेवायचा. "आधीच्याचा वास ऱ्हायला तर दुसरा आत पाय ठेवत नाय." मारत का नाही, असं एका पार्टनरने विचारलं तेव्हा म्हणाले, "मारला तर मलाच खड्डा खणून पुरावा लागतो. सोडला की तो पायानं जातो."

आता शेंगांबद्दल सांगायला हवं.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. जूनमध्ये देवळ्याहून निघताना आईने भुईमुगाच्या शेंगांचं अर्धं पोतं बरोबर दिलं. म्हणाली, मित्रांना पण दे. खोलीवर पहिला मीच पोचलो. संध्याकाळी एक पार्टनर चाकांची बॅग घेऊन आला, दुसऱ्याला वडील गाडीने सोडायला आले. त्याआधीच मी ते पोतं बाथरूमवरच्या माळ्यावर अगदी आत ढकललं होतं. कुणी काही म्हणालं नव्हतं. म्हणतील असं मला वाटलं, एवढंच. पुढे एकाने वर काय आहे विचारलं तेव्हा मी म्हणालो, जुनी पुस्तकं.

श्रावणात उंदीर झाले. चार्जरची वायर गेली, बॅगेचा पट्टा गेला. मामांनी पाच-सहा पकडले आणि मग पिंजरा रिकामाच राहू लागला. मामा हातात तो करपलेला तुकडा घेऊन आमच्या खोलीत उभे राहिले. "भाजकी भाकर सोडून जातोय म्हंजे याचं पोट भरलेलं हाय. कुठंतरी पंगत चालू हाय."

मी पुस्तकात डोकं घालून बसलो होतो. मला तेव्हाच कळलं होतं. तेव्हा उठून माळ्यावर चढलो असतो तर दोन दिवस चेष्टा झाली असती आणि विषय संपला असता.

पुढच्या रविवारी घरमालक आले. पंख्याची वायर कुरतडलेली पाहून चिडले. "यांना खायला मिळतंय कुठून?"

"खाली मामांकडे बाजरी असते," एक पार्टनर म्हणाला. त्याने मुद्दाम नाही, सहज म्हटलं.

मालक माझ्याकडे वळले. "तू शेतकऱ्याचा मुलगा आहेस, तुला यातलं कळतं. बाजरीनेच होतं ना?"

मावशींची बाजरी पत्र्याच्या डब्यात असायची. त्याचं झाकण इतकं घट्ट की उघडायला मामांना बोलवावं लागे. मी ते पाहिलं होतं, कारण मेसला सुट्टी असली की मावशी मलाच हाक मारत. "ये रं, गरम हाय तोवर खाऊन घे." त्या डब्यातल्या बाजरीची भाकरी मी किती वेळा खाल्ली होती.

मी म्हणालो, "असेल."

एवढाच शब्द. मालकांनी तो सोसायटीच्या मीटिंगमध्ये नेला. शेतकऱ्याच्या मुलानेच सांगितलं, असं म्हणाले. पार्किंगमध्ये धान्य नको, चूल-शेगडी नको, असं ठरलं. शेगडी नाही म्हणजे मावशी तिथे राहणार कशा? पोळ्याच्या आधी त्या गावी गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तुमच्या वस्तूंची नासाडी झाली, बाबा. मला काय ठावं होतं." मी त्यांची पिशवी रिक्षात ठेवली. एवढंच केलं.

नंतर मामा आमच्याच मेसमधून डबा घेत. अर्धा तसाच ठेवत. विचारलं तर म्हणत, "पोळी हाय, पण चावायचं काम नाय तिला."

दिवाळीच्या सुट्टीत पार्टनर गेले आणि मी माळ्यावर चढलो. पोतं खालून फाटलेलं होतं. आत कागदाच्या आणि सुतळीच्या चिंध्यांचं घरटं होतं, बाकी टरफलं. मी ते चादरीत गुंडाळून जिना उतरू लागलो. खाली मामा झाडत होते.

"काय हाय?"

"जुनी पुस्तकं," मी म्हणालो. तोंडातून तेच आलं.

माझ्यामागे पायरीपायरीवर टरफलं सांडत होती. मामांनी एक उचललं, बोटांत दाबून पाहिलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "परीक्षा लय अवघड असंल. पुस्तकाला पार सोललंय."

मी थांबलो. सांगायचं होतं.

"जा," ते म्हणाले. "देवळ्याची गाडी सुटंल." आणि वरच्या पायरीपासून टरफलं झाडायला लागले.

गावी मी रोज ठरवत होतो की परत गेल्यावर मालकांना खरं सांगायचं. गेलो आणि सांगितलंही. तोवर मामा काम सोडून गेले होते. एकट्याला करमत नाही म्हणाले, असं कळलं. मालक फोनवर म्हणाले, "बरं बरं, आता काय त्याचं. नवा माणूस ठेवलाय आपण." त्या खोलीत आता झाडूच्या काड्या आणि रंगाचे डबे असतात.

मागच्या महिन्यात मामांचा नंबर लावला. मावशींनी उचलला. मी नाव सांगितलं, त्यांना लगेच आठवलं.

"ते कांद्याला पाणी भराया गेल्यात. काय काम व्हतं?"

"काही नाही. सहज."

"बरं असतं का तिथं? जेवण?" मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "अन् ती उंदरं गेली का रं? माझ्या बाजरीपायी तुम्हा पोरांना लय तरास झाला."

म्हणजे मामांनी घरातही माझं नाव सांगितलं नव्हतं.

"मावशी," मी म्हणालो, "बाजरी नव्हती ती." आणि पुढचं जमेना. त्या पलीकडून "हां, बोल ना" म्हणत राहिल्या. दोनदा, तीनदा. आवाज येत नाही असं वाटून त्यांनीच फोन ठेवला.