वाकोडी रोडचा उलटा फलाट

वाकोडी रोड स्टेशनात फलाट होता उत्तरेला आणि माणसं गाडीत चढायची दक्षिणेकडून. असं का, ते लखीराम राठोडला विचारावं. बत्तीस वर्षं त्यानं इथं सांधे बदलले, कंदील पुसले, घंटा वाजवली. पुढं तो निवृत्त झाला, छोटी लाईनही बंद पडली. तरी सकाळी स्टेशनात एक चक्कर मारल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही.

गाव दक्षिणेला. पण फलाट बांधणारे उंटावरचे शहाणे! कापसाचं गोदाम उत्तरेला, म्हणून फलाटही तिकडेच. यवतमाळला रोज जाणारे मास्तर, कारकून, बाजाराच्या बाया कशाला रूळ ओलांडतात? ते अलीकडेच उभे राहायचे, लखीरामच्या बायकोनं, जमनीनं, लावलेल्या निंबाखाली. तिथं तिचे पाण्याचे दोन माठ असत. गार्डही त्याच बाजूला उतरून तिकिटं द्यायचा. सगळ्यांचं पाणी पिऊन झालं की गाडी हलायची.

जमनीला जाऊन सहा वर्षं झाली. निंब मात्र चांगला डेरेदार झाला आहे.

आता मोठी लाईन येणार. जुन्या स्टेशनाची मोजणी करायला यवतमाळहून अनघा नावाची तरुण इंजिनिअर आली. स्टेशनाच्या वापरातलं जे नकाशात येईल ते जपायचं, बाकीचं सोमवारी साफ करायचं, असा हुकूम होता. जुना नकाशा कुठं सापडेना, म्हणून तिनं लखीरामला बोलावलं. सोबत त्याचा दोस्त किसनरावही आला. बाजूचं कापसाचं वावर त्याचंच.

"निंबाचं इचारलं तं सांगजो, रेल्वेनंच लावला, नाहीतं तोडतीन," किसनरावनं वाटेत बजावलं. लखीरामनं मान हलवली.

मग तो ऐटीत पुढं चालू लागला. "हे गोदाम. थे पाण्याची टाकी. अन् इथं सांध्याचा खटका, एकडाव माह्यं बोट अडकलतं यात."

अनघा पेन्सिलीनं टिपत होती. निंबाशी येऊन ती थांबली. "काका, हे झाड रेल्वेचं?"

किसनराव खोकला. पण गाडी दोन मिनिटं उशिरा आली तर दोनच मिनिटं लिहिणारा माणूस लखीराम. त्याची जीभ खोट्याकडे वळेना.

"नाही म्याडम. माह्या जमनीनं लावलं."

किसनरावनं कपाळावर हात मारला. अनघानं कागदावर झाडापाशी फुली मारली. आपल्याच तोंडानं आपण जमनीला दुसऱ्यांदा घालवलं, असं लखीरामला वाटलं.

पलीकडचा फलाट मोजताना अनघा बुचकळ्यात पडली. "काका, याला ना पायरी, ना उतार. लोक वर कसे यायचे?"

"लोक इकडं कायले येतीन? इथून कापूस चढे."

"मग माणसं?"

लखीरामनं हनुवटीनंच पलीकडे दाखवलं. "त्या निंबाखालून. तिकीट बी तिथंच भेटे."

"किती वर्षं?"

"गाडी बंद होईस्तोवर."

"म्हणजे माणसांचा फलाट तोच की!"

"फलाट कायचा म्याडम, नुसती सावली आहे."

अनघा रूळ ओलांडून परत निंबापाशी आली. तिनं फुली खोडली, टेप काढून सावली मोजली आणि झाडाभोवती चौकोन आखला. त्यात लिहिलं, 'प्रवासी फलाट. छत : कडुनिंब.'

"आता बांधणाऱ्याचं नाव लिहावं लागेल," ती म्हणाली.

किसनराव काही बोलणार, तेवढ्यात लखीराम पुढं झाला. "लिहा, जमनीबाई लखीराम राठोड."

नवऱ्यानं बायकोचं असं सबंध नाव चारचौघांत घ्यायची त्याच्या घरात रीत नव्हती. जमनी असताना त्यानं ते कधी घेतलं नव्हतं. अनघाचं लिहून होईपर्यंत तो रुळांकडे तोंड करून उभा राहिला आणि पोटभर रडला.