रेवदंड्यात मालवणी थाळीच का?

आजारपणानंतर आईच्या तोंडाची चवच गेली होती. दोन घास खाऊन ताट सरकवायची. परवा मात्र म्हणाली, "रेवदंड्याला मामाकरं कैरी घालून बोंबील खाल्लेले, तसं खायाला पायजे." बस्स! रविवारी भावाची गाडी घेतली आणि आम्ही मायलेकी कोपरहून निघालो.

शीळफाटा, पनवेल, पेण, वडखळ. पहाटेच निघा, नाहीतर वडखळला गाडी रांगत जाते. खड्ड्यांबद्दल बोलून तोंड खराब करत नाही. अलिबाग मागे पडलं, नारळी-पोफळी सुरू झाल्या आणि आई खिडकीकडे सरकून बसली.

रेवदंड्यात पोर्तुगीजांच्या तटबंदीच्या आत गाव नांदतं. जरूर बघा. पण त्या तटावर कुणा दिवट्याने बदामात नावं कोरलीत, खाली वेफर्सच्या पिशव्या. संताप नुसता.

खरा संताप पुढेच होता. ज्या त्या हॉटेलवर पाटी मालवणी, गोमंतक, नाहीतर पंजाबी-चायनीज! अरे, मालवण कुठे, रेवदंडा कुठे! आगरी-कोळ्यांच्या गावात त्यांचंच जेवण तेवढं मिळत नाही? शेवटी एका घरगुती खानावळीत बसलो. तिथेही मालवणी थाळीच, साडेतीनशे रुपये. आईने एक घास खाल्ला.

"मना नको."

एवढ्यात आतून कसलासा वास आला. आई उठली ती थेट स्वयंपाकघराच्या दारात. "बाय, तुजे घरान काय रांदलंय?"

खानावळवाल्या ताई ओशाळल्या. "बोंबलाचं आंबट. त्ये आमचे घरचं, मावशी. पावन्यांना कसं वाढू?"

"मी काय पावनी हाय? वाड बाय!"

आई तिथेच पाटावर बसली. कैरी, लाल मसाला, तांदळाची भाकरी. बोटं चाटून जेवली. मला रडूच आलं.

ताईंनी पैसे घेतले ते फक्त थाळ्यांचे. "घरच्या जेवनाचं कसलं पैसं?"

मी चिडलेच. जे न खाता टाकलं त्याला साडेतीनशे, आणि जे माझी आई जेवली ते फुकट? जबरदस्तीने पैसे ठेवले. तुम्ही गेलात तर पाटी वाचू नका. घरात काय शिजलंय ते विचारा, आणि त्याचे पैसे द्या.

राग अजून गेलेला नाही. पण आज सकाळी वहिनी बोंबील साफ करत होती, तर आई पदर खोचून ओट्याशी आली.

"सर तिकरं," म्हणाली, "मी रांदतंय."