एका कुटुंबाला दोनच

आमच्या सोसायटीत कोणी महिन्याच्या सामानाची यादी करायला बसलं, की यादी राहते बाजूला आणि नलूताईंचेच किस्से निघतात. दर रविवारी त्यात एकाची भर पडते, कारण दर रविवारी त्या कोथरूडच्या डिस्काउंट स्टोअरमध्ये जातात. गाडी माझी असल्यामुळे मी साक्षीदार. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी करून मी रिटायर झालो, पण एवढी धास्ती मला तिथे कधी वाटली नव्हती.

बरोबर त्यांचे यजमान अप्पा आणि मुलगा मंदार. मंदार एकुलता एक, हिंजवडीला आयटीत, वय तेहतीस, आणि पाच स्थळांकडून नकार आलेला. नलूताईंच्या जिवाला हा एकच घोर. बाकी सगळ्या जगाला त्या पुरून उरतात.

*

एकदा फरशी पुसायच्या लिक्विडच्या दोन कॅनवर बादली फुकट होती. नलूताईंनी सहा बादल्या आणल्या.

अप्पांनी एकेक कॅन डिकीत ठेवत शांतपणे विचारलं, "अगं, घरात फरशी किती आहे ते तरी आठव."

"संपेल हळूहळू."

"माझ्या हयातीत नाही संपायचं. मंदारला मृत्युपत्रात लिहून देतो."

*

अप्पांचं काम ट्रॉली धरून उभं राहायचं. तेही त्यांना जमत नाही. एका रविवारी ते मोबाइलवर क्रिकेट बघत होते आणि भलत्याचीच ट्रॉली ढकलत काउंटरवर घेऊन आले. वर लहान बाळाच्या डायपरचं मोठं पाकीट.

"हे कोणाचं?" नलूताईंचा आवाज चढला.

अप्पा काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "लावा बिलात. मंदारचं जमेपर्यंत ठेवू कपाटात."

नलूताई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. अप्पा म्हणतात, बादल्यांपेक्षा ही ऑफर चांगली होती.

*

एकदा गाडीपाशी उभं राहून नलूताई बिल तपासत होत्या. हे दर वेळी होतं. एकेक वस्तू पिशवीतून काढायची, बिलात शोधायची आणि बॉनेटवर मांडायची. त्या दिवशी मोहरीचं पाकीट बिलात लावलंच नव्हतं. आम्हाला वाटलं, आता निघायचं. पण बाई पाकीट घेऊन परत आत. रांगेत पुन्हा वीस मिनिटं.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "राहू द्या हो काकू, एवढंसं तर आहे."

"राहू द्या कसं? उद्या तुम्ही चुकून जास्त लावलंत, तर मी कुठल्या तोंडाने भांडू?"

त्यांचा हा गुण मला मनापासून आवडतो.

*

मध्यंतरी त्यांनी सून शोधण्याचं कामही तिथेच सुरू केलं. ट्रॉली बघितली की मुलगी कळते, असं त्यांचं मत. नूडल्सची पाकिटं दिसली की मुलगी बाद. एका रविवारी मटकी, नाचणी, जवस असं सामान घेतलेली एक तरतरीत मुलगी दिसली. नलूताई दोन रांगा तिच्या मागे फिरल्या आणि शेवटी न राहवून म्हणाल्या, "किती छान सामान घेतलंस गं. आईने शिकवलं वाटतं?"

"नाही हो काकू. सासूबाईंची यादी आहे."

*

आणि हा गेल्या रविवारचा. तेलाच्या पिशव्या फार स्वस्त लागल्या होत्या, पण वर पाटी होती : एका कुटुंबाला दोनच. अशा वेळी नलूताईंचा नियम ठरलेला आहे. दारातून आत गेलं की ओळख दाखवायची नाही. प्रत्येकाने वेगळी बास्केट घ्यायची, वेगळं बिल करायचं आणि थेट गाडीपाशी भेटायचं. मंदारला याची मनस्वी लाज वाटते, पण त्या दिवशी त्याने लगेच बास्केट उचलली. दुपारी चार वाजता सायली नावाच्या मुलीला बघायला जायचं होतं. फोटो, पत्रिका, फोनवर बोलणं, सगळं जुळलं होतं. फक्त प्रत्यक्ष भेट राहिली होती. नलूताई सकाळपासून देवाचं नाव घेत होत्या.

रांगेत मंदार पुढे, त्याच्यामागे नलूताई, त्यांच्यामागे चष्मा लावलेल्या एक बाई आणि मग मी. अप्पा पलीकडच्या काउंटरवर. मंदारचं बिल झालं आणि त्याच्या मोबाइलची बॅटरी संपली. पाकीट घरी. बिचारा दोन मिनिटं खिसे चाचपत राहिला. मग मागे वळून हळूच म्हणाला, "आई, पैसे दे ना."

नलूताई छताकडे बघायला लागल्या.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काकू, हे तुमच्याबरोबर आहेत का? मग तुमच्या दोन पिशव्या काढाव्या लागतील."

"छे, छे. मी ओळखतसुद्धा नाही याला," नलूताई म्हणाल्या. "हल्लीची मुलं कोणालाही आई म्हणतात."

मंदारचा चेहरा बघवेना. मी खिशात हात घातला, तेवढ्यात त्या चष्मेवाल्या बाई पुढे झाल्या. मघापासून त्या मंदारकडे निरखून बघत होत्या. त्यांच्या बास्केटमध्ये जाड पोह्यांची दोन पाकिटं होती.

"नमस्कार," त्या नलूताईंना म्हणाल्या. "मी सायलीची आई. फोटोत तुम्ही तिघं एकत्र होतात, म्हणून विचारते. चार वाजता पोहे किती जणांचे भिजवू?"