मी खोडलेली टूसॉनची यादी

माझ्या वडिलांच्या आयुष्यातला सगळ्यात भारी दिवस मी एका फोन कॉलने संपवला.

आज बाबांना जाऊन एक वर्ष झालं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा नाशिकजवळ विमानांच्या कारखान्यात फिटर होते. आयुष्यभर विमानं जोडली. स्वतः विमानात पहिल्यांदा बसले ते रिटायर झाल्यावर, आमच्याकडे जर्मनीत, र्युसेल्सहाइमला येताना.

माझा नवरा निखिल गाड्यांच्या AC चं टेस्टिंग करतो. जर्मनीत ऊन ते किती, म्हणून त्याची टीम दर जुलैत अमेरिकेतल्या वाळवंटात, टूसॉनला जाते.

त्या वर्षी तो म्हणाला, "बाबा, चला माझ्याबरोबर. अमेरिकेचा व्हिसा आहेच तुमचा. दिवसा मी ट्रॅकवर, संध्याकाळी आपण फिरू."

"जावईबापू म्हणतायत तर जाऊन येतो," बाबा म्हणाले. इतकं चटकन, की मला संशयच आला.

संध्याकाळी त्यांनी टूसॉनमध्ये बघायच्या ठिकाणांची यादी करून फ्रिजवर लावली. मी लाल पेन घेऊन बसले.

दोन मजली उंचीच्या निवडुंगांचं पार्क. ऊन. खोडलं.

खाली वाळवंट आणि वर पाइनची झाडं, असा डोंगरातला रस्ता. वळणं, चक्कर. खोडलं.

वाळवंटी प्राण्यांचं म्युझियम. साप. ते काचेमागे असतात हे मला माहीत होतं. तरी खोडलं.

जुन्या विमानांचं म्युझियम. निम्मं उघड्यावर. खोडलं.

उरलं एक तारांगण, एक जुनं पांढरं चर्च आणि एक मॉल.

बाबांना BP होतं, बास. आमच्या हाउसआर्त्स्टने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, तर तपासून "फील श्पास!" म्हणत हात मिळवला होता. मजा करा म्हणे! डॉक्टरचं काय जातं?

बाबांनी यादी बघितली. "बरं," म्हणाले.

तिथे त्यांची सकाळ, ती आमची संध्याकाळ. रोज सातला मी फोन करायचे. गोळी घेतली का, पाणी प्यायलात का. चौथ्या दिवशी त्यांनी फोन उचलला नाही.

पाच वेळा केला. मग हॉटेलच्या रिसेप्शनला. ती मुलगी वर जाऊन बघून आली.

"फोन चार्जरला लावलेला आहे, मॅम. रूममध्ये कोणी नाही."

त्यांचं सिम जर्मन, तिथे चालायचं नाही. वायफाय नसेल तर फोन म्हणजे नुसतं ओझं, असं त्यांचं मत. आणि निखिलची गाडी प्रोटोटाइप, अजून बाजारात न आलेली, त्यामुळे त्याचा फोन ट्रॅकच्या गेटवर जमा.

तिथे त्या दिवशी बेचाळीस डिग्रीचा अंदाज होता. मी फोन लावत सुटले.

तारांगणाला फोन केला. नाहीत. चर्चला केला. नाहीत. मॉलच्या सिक्युरिटीवाल्याने तर, "इंडियन जेंटलमन? कोणता?" असं विचारलं.

आमची इरा, वय वर्षं सात, शांतपणे म्हणाली, "ओपा इस्ट डोख इम उर्लाउब, मामा." म्हणजे, अगं, आजोबा सुट्टीवर आहेत ना!

मी तिच्यावर ओरडले. तिचं काही चुकलं नव्हतं.

मग डोक्यात प्रकाश पडला. मी ठेवलेली ठिकाणं काय विचारत बसलेय? खोडलेली विचारायला हवीत.

पार्कवाले म्हणाले, सकाळपासून फक्त एक जर्मन कपल आलंय. प्राण्यांच्या म्युझियममधली बाई भलतीच प्रेमळ. हमिंगबर्ड कुठे बसतात ते सांगायला लागली. मी मध्येच फोन ठेवला.

विमानवाल्यांकडे एका म्हाताऱ्या व्हॉलंटिअरने उचलला. मी वर्णन सांगायला लागले तर तो हसलाच.

"तुमचे वडील का? दोन तास झाले, ते मला रिव्हेट कसा मारायचा ते शिकवतायत. देतो थांबा."

"अगं, इकडे ये... म्हणजे, बघायला पाहिजेस तू!" बाबा. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. "शेकड्यांनी विमानं उभी आहेत. हवा इतकी कोरडी की गंज म्हणून नाही! पंखाखाली हात लावून बघितलं मी."

"बाबा, कसे गेलात तुम्ही?"

"बसने. थेट इथपर्यंत नाही येत, थोडं चाललो."

थोडं चाललो! बेचाळीस डिग्रीत!

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. बेजबाबदार म्हणाले. तुम्हाला काही झालं असतं तर निखिलच्या नोकरीचं काय, असंही म्हणाले. बापाला. तेही परक्याच्या फोनवर.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "मागची एक रांग राहिलीय. अर्धा तास लागेल."

"अर्धा मिनिटही नाही. आत्ताच्या आत्ता टॅक्सी बोलवायला सांगा आणि हॉटेलवर जा."

"बरं."

आणि ते खरंच गेले.

नंतर कळलं, गोळ्यांची स्ट्रिप त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. नाश्त्यानंतरची गोळी वेळेवर घेतली होती. डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली. सगळं जागच्या जागी होतं. घाबरलेली फक्त मी होते, आठ-नऊ हजार किलोमीटरवर, माझ्या किचनमध्ये.

परत आल्यावर त्यांनी ती विमानं इथल्या सगळ्या मराठी मंडळींना सांगितली. माझ्या फोनबद्दल अवाक्षर काढलं नाही.

एकदा मीच विचारलं, "बाबा, मागच्या रांगेत काय होतं हो?"

"काय माहीत. असतील विमानंच," म्हणाले आणि इराला शाळेतून आणायला निघाले.

पुढच्या वर्षी आपण दोघं जाऊ, असं मी मनात ठरवलं होतं. त्यांना सांगितलं नव्हतं. व्हिसा, इन्शुरन्स, तब्येत, सगळं नक्की झालं की सांगू म्हटलं.

ते वारले ते नाशिकच्या घरी, दुपारी जेवून पडले असताना. ऊन नव्हतं, वळणं नव्हती, साप नव्हता. मी खोडण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

बाबा, मागची रांग सावकाश बघा.

मी फोन करणार नाही.